शब्द कळतो, पण तोंडात येत नाही: इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

मी संध्याकाळच्या वर्गात नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत एक वही असते. मधे उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एकीची वही दोनशे पानी होती आणि जवळजवळ भरलेली. मी मधलंच एक पान उघडलं आणि ‘रिलक्टंट’चा अर्थ विचारला. ‘नाखूश’, तिने क्षणात सांगितलं. म्हटलं, आता हाच शब्द घालून तुमच्या ऑफिसातलं एक वाक्य सांगा. बराच वेळ थांबून ती म्हणाली, ‘माय बॉस इज रिलक्टंट ऑन मी.’

बॉस माझ्यावर नाखूश आहे. मराठीत वाक्य अगदी बरोबर. इंग्रजीत त्याला काही अर्थच राहत नाही, कारण ‘रिलक्टंट’ माणूस कुणावर नाखूश नसतो, तो काहीतरी करायला नाखूश असतो. आपण ‘का-कू करतो’, ‘आढेवेढे घेतो’ म्हणतो, त्याच्या जवळचा हा शब्द. दोनशे पानं लिहिण्याचे कष्ट तिने घेतले होते, पण शब्द कसा वापरायचा हे लिहायला त्या वहीत जागाच नव्हती.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे ज्यांना इंग्रजी वर्तमानपत्र समजतं, कामाचे मेल लिहिता येतात, मालिका सबटायटल लावून बघता येतात, पण बोलायची वेळ आली की पुन्हा तेच ‘गुड’, ‘व्हेरी’, ‘थिंग’ आणि ‘प्रॉब्लेम’. भाषेची पातळी मोजण्याच्या युरोपीय मापदंडात या पातळीला बी२ म्हणतात, आणि परदेशी जाणारे देतात त्या आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेतले साधारण ५.५ ते ६.५ बँड तिच्यात येतात. इथे अडकलेल्यांना नव्या शब्दांपेक्षा अर्धवट ओळखीच्या शब्दांची गरज जास्त असते. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम मोडला की पद्धत मोडते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

## तयारी: काय लागेल

एक छोटी वही किंवा पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कार्डं. मोबाईलमधलं आवाज रेकॉर्ड करण्याचं ॲप. शिकणाऱ्यांसाठी बनवलेली एखादी इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स या चारही संस्थांच्या डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. लाँगमनच्या डिक्शनरीत सगळे अर्थ जेमतेम २,००० सोप्या शब्दांत समजावलेले असतात, त्यामुळे एक शब्द बघायला जाऊन आणखी चार शब्दांत अडकायची वेळ येत नाही. सुरुवातीला मी तीच सुचवते.

वेळ रोज २५ मिनिटं. रविवारी तीन तास बसणं ही त्याची भरपाई नव्हे.

सावध: इंग्रजी-मराठी डिक्शनरी फेकून देऊ नका, पण ती पहिली उघडू नका. ती शेवटी कुठे कामाला येते ते पाचव्या टप्प्यात सांगते.

## टप्पा १: आधी आपली शिल्लक मोजा

नवीन शब्द गोळा करण्याआधी हातात काय आहे ते बघायचं. मोबाईल समोर ठेवा आणि ‘काल कामावर काय झालं’ यावर इंग्रजीत तीन मिनिटं बोला. तयारी करू नका, अडखळलात तरी थांबू नका. मग तेच रेकॉर्डिंग ऐकत शब्दन् शब्द कागदावर उतरवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. स्वतःचं बोलणं कागदावर दिसल्याशिवाय पुढचं काहीच नेमकं होत नाही.

आता त्या कागदावर दोन गोष्टींवर खुणा करा. तीनपेक्षा जास्त वेळा आलेल्या शब्दांभोवती गोल काढा. आणि जिथे तुम्हाला मराठीत नेमकं म्हणायचं होतं पण इंग्रजीत काहीतरी जवळपासचं म्हणून वेळ मारून नेलीत, तिथे समासात तो मराठी वाक्प्रचार लिहा. ‘त्याने हात वर केले’, ‘ऐनवेळी बदललं’, ‘तोंडदेखलं हो म्हणाले’. हा समास म्हणजे तुमची खरी यादी. बाजारातल्या कुठल्याही पुस्तकात ती मिळणार नाही, कारण ती तुमच्या रोजच्या आयुष्यातून आलेली आहे.

मग एखाद्या इंग्रजी लेखाचं एक पान घ्या आणि शब्दांवर तीन प्रकारच्या खुणा करा: जो मी स्वतः वापरते, जो कळतो पण कधी वापरलेला नाही, जो माहीतच नाही. या पातळीवर मधली खूण बहुतेक वेळा सर्वांत जास्त दिसते. पहिले दोन महिने फक्त मधल्या खुणेच्या शब्दांवर काम करायचं.

तपासा: तुमच्याकडे आता एक उतरवलेला कागद, समासातले ८-१० मराठी वाक्प्रचार आणि ‘कळतो पण वापरत नाही’ असे २०-२५ शब्द आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: वाचायला आणि ऐकायला योग्य मजकूर निवडा

‘रोज इंग्रजी संपादकीय वाचा’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. स्पर्धा परीक्षेसाठी तो कामाचा असेल, बोलण्यालिहिण्यातल्या शब्दसंग्रहासाठी मला तो पटत नाही. संपादकीयातले बरेच शब्द संपादकीयातच राहतात. ‘क्वॅगमायर’ (दलदल, चिघळलेला पेच) पाठ करून ऑफिसात तो महिन्यातून एकदाही लागत नाही, आणि ‘ऑन शॉर्ट नोटिस’ मात्र रोज लागतं.

मजकूर निवडायची चाचणी सोपी आहे. कुठलेही सलग १०० शब्द मोजा. त्यांत अनोळखी शब्द दोन किंवा कमी असतील तर तो मजकूर निवांत वाचण्यासाठी. तीन ते पाच असतील तर पेन्सिल घेऊन अभ्यासासाठी. त्याहून जास्त असतील तर सध्या बाजूला ठेवा. या दोनच्या आकड्याला आधार आहे. न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबात, मदतीशिवाय नीट समजण्यासाठी मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात असं धरलं आहे. त्यासाठी कादंबरी किंवा वर्तमानपत्राला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात, आणि बोललेल्या इंग्रजीला ६,००० ते ७,०००. शब्दकुटुंब म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ हे सगळं मिळून एक.

दुसरी गोष्ट, महिनाभर एकाच विषयावर वाचा आणि ऐका. घरकर्ज, क्रिकेट, मुलांचं आरोग्य, तुमच्या क्षेत्रातलं काहीही चालेल. एका विषयाचे शब्द त्याच विषयात पुन्हा पुन्हा भेटतात, आणि पुन्हा भेटलेला शब्दच टिकतो. आज पर्यावरण, उद्या शेअर बाजार, परवा अवकाश असं केलंत तर प्रत्येक शब्द एकदाच भेटून निघून जातो.

## टप्पा ३: आठवड्याला दहा-बारा, त्याहून जास्त नाही

लोक सर्वांत जास्त घाई इथे करतात. दिवसाला वीस शब्द हा संकल्प साधारण नऊ दिवस टिकतो. आठवड्याला बारा धरले तर वर्षाला सहाशेच्या आसपास होतात, आणि सहाशे शब्द खरोखर जिभेवर आले तर माणसाचं इंग्रजी ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

शब्द यादीत घेण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. हा मला गेल्या दोन आठवड्यांत किमान दोनदा भेटला का? पुढच्या महिन्यात मी हा बोलेन किंवा लिहीन असा प्रसंग डोळ्यांसमोर येतो का? डिक्शनरीत त्याच्यावर बी२ किंवा सी१ (बी२च्या वरची पायरी) अशी पातळीची खूण आहे का? ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत अनेक शब्दांपुढे ही खूण असते. लाँगमनमध्ये ‘एस१’, ‘डब्ल्यू२’ अशा खुणा दिसतात: एस म्हणजे बोलण्यात, डब्ल्यू म्हणजे लिहिण्यात, आणि आकडा १ म्हणजे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या हजारात. तीनपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर शब्द घ्या. नाहीतर सोडून द्या. सोडता येणं हेही याच टप्प्यातलं कौशल्य आहे.

सावध: समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्दांचा संच एकदम शिकू नका. ‘हॅपी’साठी दहा शब्द, ‘रागा’चे बारा शब्द अशा याद्या दिसायला नीटनेटक्या असतात, पण सारख्या अर्थाचे शब्द एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात. १९९० च्या दशकात टिंकम आणि वॉरिंग यांच्या प्रयोगांतही असे संच शिकायला जास्त वेळ लागल्याचं दिसलं. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ हे याचं आपल्या ओळखीचं उदाहरण. मराठीत ‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’, शब्द तोच, फक्त क्रियापद बदलतं. दोन्ही इंग्रजी शब्द एकाच दिवशी शिकलेला माणूस वर्षानुवर्षं गोंधळतो. आधी ‘बॉरो’ पक्का करा, दोन-तीन आठवड्यांनी ‘लेंड’ घ्या.

## टप्पा ४: शब्द डिक्शनरीत पूर्ण बघा

बहुतेक जण अर्थाची पहिली ओळ वाचून डिक्शनरी बंद करतात. कामाच्या गोष्टी त्या ओळीच्या खाली असतात. ‘रिलक्टंट’च घेऊ.

आधी उच्चार. स्पीकरच्या चिन्हावर दाबा आणि जोर कुठे आहे ते ऐका. रि-लक्-टंट, जोर मधल्या ‘लक्’वर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने म्हणतो, म्हणून हा जोर आपल्या कानातून निसटतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. शब्दकुटुंब एकच, जोर तीन ठिकाणी. जोर चुकला तर माहीत असलेला शब्दही समोरच्याला कळत नाही, आणि आपल्यालाही त्याच्या तोंडून ओळखता येत नाही.

मग व्याकरणाची खूण. ‘रिलक्टंट’च्या पुढे ‘टू’ आणि त्यापुढे क्रियापद येतं, हे डिक्शनरी ठळक अक्षरांत दाखवते. नामांपुढे सी किंवा यू असतं. सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘लगेज’ या सगळ्यांपुढे यू आहे. आपण ‘एक सल्ला देतो’ म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ म्हणतो. इंग्रजीत ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ किंवा ‘सम ॲडव्हाइस’. ही यूची खूण बघायची सवय लागली तर आपल्या मेलमधल्या चुका चटकन कमी होतात.

मग उदाहरणवाक्यं, किमान तीन, मोठ्याने. आणि शेवटी शब्दकुटुंब: ‘रिलक्टन्स’, ‘रिलक्टंटली’. ‘ही रिलक्टंटली ॲग्रीड’, म्हणजे नाइलाजाने कबूल झाला. अर्थ नुसत्या ‘नाखूश’पासून किती पुढे गेला बघा.

सावध, मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द: हे शब्द आपण डिक्शनरीत कधीच बघत नाही, कारण ते आपलेच झालेले आहेत. तिथेच फसगत होते. मराठीत ‘सिन्सिअर मुलगा’ म्हणजे नेमाने अभ्यास करणारा. इंग्रजीत ‘सिन्सिअर’ म्हणजे मनापासून बोलणारा, आतबाहेर एक असणारा. आपल्या मुलाला ‘हार्डवर्किंग’ किंवा ‘कॉन्शिएन्शस’ म्हणायचं असतं. आपण ‘हॉटेलात’ मिसळ खातो. इंग्रजीतल्या ‘हॉटेल’मध्ये मुक्काम करतात, खायला ‘रेस्टॉरंट’मध्ये जातात. ‘आय हॅव अ डाउट’ भारतात सगळ्यांना कळतं, पण लंडनच्या किंवा टोरंटोच्या सहकाऱ्याला वाटतं की तुम्हाला त्याचं म्हणणं पटलेलं नाही. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘मला टेन्शन आलंय’ला ‘आय ॲम स्ट्रेस्ड’ किंवा ‘आय ॲम वरीड’. आठवड्याच्या बारांत असा एक मुरलेला शब्द मुद्दाम घ्या.

## टप्पा ५: कार्ड कसं लिहायचं

कार्डावर एकटा शब्द लिहायचा नाही. शब्द त्याच्या सोबत्यांसह लिहायचा, आणि मराठी बाजूला एका शब्दाचा अर्थ न देता पूर्ण प्रसंग द्यायचा. त्या वहीवालीचं पहिलं नवं कार्ड असं होतं:

पुढची बाजू: *सही करायला साहेब आढेवेढे घेत होते, कारण आकडे जुळत नव्हते.* (रि…… टू)

मागची बाजू: *ही वॉज रिलक्टंट टू साइन बिकॉज द फिगर्स डिडन्ट मॅच.* जोर ‘लक्’वर. रिलक्टंटली ॲग्री.

‘आढेवेढे घेणे’ हे तिला इंग्रजी-मराठी डिक्शनरीने दिलं नव्हतं. आधी इंग्रजी वाक्यं वाचली, मग आपण मराठीत अशा वेळी काय म्हणू हे तिने स्वतः शोधलं, आणि शेवटी इंग्रजी-मराठी डिक्शनरी पडताळणीसाठी उघडली. मराठीला बंदी घालण्याची काही गरज नाही. मराठी जितकी अस्सल, तितका प्रसंग डोळ्यांसमोर स्पष्ट उभा राहतो आणि इंग्रजी शब्दाला बसायला पक्की जागा मिळते. ‘नाखूश’ या कोरड्या शब्दाला ती जागा नव्हती.

वाक्य तुमच्या आयुष्यातलं हवं. डिक्शनरीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवलंत तर ते परक्याचं राहतं. पण स्वतः बनवलेलं वाक्य चुकीचं असू शकतं, म्हणून डिक्शनरीच्या वाक्याचा साचा घ्या आणि त्यात फक्त माणसं आणि प्रसंग बदला. साचा मोडू नका.

तपासा: मागची बाजू झाकून, पुढची वाचून दहा सेकंदांत पूर्ण वाक्य म्हणता येईल असं कार्ड आहे का? त्यावर एकापेक्षा जास्त अर्थ कोंबले असतील तर दोन कार्डं करा.

## टप्पा ६: शब्दांच्या जोड्या

खरं तर हा पाचव्याचाच भाग, पण मराठी माणसाच्या बहुतांश चुका इथे होतात म्हणून वेगळा काढला.

मराठीत आपण हाक मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो, उडी मारतो, फेरफटका मारतो. यात कुणी कुणाला मारत नाही. मराठी शिकणारा परका माणूस ‘हाक करतो’ म्हणाला तर आपल्याला अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. ‘का मारतो?’ याला उत्तर नाही. जोडी तशी आहे, एवढंच. इंग्रजीतही तसंच आहे. चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात, फोटो ‘टेक’ करतात, स्वप्न ‘हॅव’ करतात. आपण ‘चूक करणे’वरून ‘डू अ मिस्टेक’ आणि ‘परीक्षा देणे’वरून ‘गिव्ह ॲन एक्झॅम’ म्हणतो. विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा ‘सिट’ करतो. ‘गिव्ह’ करणारा तो परीक्षा घेणारा, म्हणजे अर्थ बरोबर उलटा होतो.

आपले विभक्तिप्रत्ययही इंग्रजीत डोकावतात. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. पाहिजे ‘अँग्री विथ मी’. ‘डॉक्टरशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’. पाहिजे ‘मॅरीड टू’. ‘त्याबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’. ‘डिस्कस’ला काहीच लागत नाही, थेट ‘डिस्कस द बजेट’. ‘मला समजावून सांग’ म्हणून ‘एक्स्प्लेन मी’. पाहिजे ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ‘कोप अप विथ’ तर इतकं रुळलंय की बरोबर वाटतं. तिथे ‘अप’ला जागा नाही.

आणि जिथे मराठीचा एक शब्द इंग्रजीत दोन होतो तिथे जोडीच वाचवते. हाताचं बोट ‘फिंगर’, पायाचं ‘टो’. झाडाची सावली ‘शेड’, माणसाची ‘शॅडो’. उंच माणूस आणि उंच इमारत ‘टॉल’, उंच डोंगर आणि उंच भिंत ‘हाय’. चहा कडक म्हणून ‘हार्ड टी’ होत नाही, ‘स्ट्राँग टी’ होतो. वाराही ‘स्ट्राँग’, पण पाऊस आणि ट्रॅफिक मात्र ‘हेवी’.

जोडी तपासायची असेल तर ‘स्केल’ (SkELL) नावाची फुकट वेबसाइट आहे, स्केच इंजिनवाल्यांची. शब्द टाकला की त्याच्या आधी कोणती विशेषणं येतात, कोणत्या क्रियापदांबरोबर तो येतो याची यादी मिळते. ‘डिसिजन’ टाकून बघा. पाच मिनिटांत जितकं कळेल तितकं नियमांच्या पुस्तकातून कळत नाही.

## टप्पा ७: फ्रेझल व्हर्बला वेगळी वागणूक

फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द, दोन्ही मिळून वेगळाच अर्थ. ‘गेट’ची तीस रूपं एका पानावर, हा तक्ता कुठेही दिसला तर पान उलटा. इंग्रजीतल्या या क्रियापदांची भीती वाटते, पण आपण स्वतः असलीच क्रियापदं दिवसभर वापरतो. ‘बोलून टाकलं’, ‘बोलून बसलो’, ‘बोलून दाखवलं’, ‘बोलून ठेवलंय’. चारांत बोलणं तेच. पण पहिल्यात मोकळं होणं, दुसऱ्यात पश्चात्ताप, तिसऱ्यात मनातलं समोर आणणं, चौथ्यात पुढची सोय. हे आपल्याला कुणी तक्ता करून शिकवलेलं नाही. प्रसंगात ऐकून आलं.

म्हणून फ्रेझल व्हर्ब नेहमी प्रसंगासकट, एका वेळी एकच. ‘पुट ऑफ’ शिकायचं तर ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ हे एकच कार्ड: मीटिंग पुढे ढकलली. ‘पुट अप विथ’ (सहन करणे) दोन महिन्यांनी.

उपसर्ग आणि मूळ धातूंची पुस्तकं वाचत असाल तर तिथेही हेच लक्षात ठेवा. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एक, पण उपसर्गांवरून अर्थ ओळखू म्हणाल तर फसाल. धातू माहीत असणं हे शिकलेला शब्द लक्षात ठेवायला मदत करतं. न शिकलेल्या शब्दाचा अर्थ त्यावरून ठरवून पुढे जाऊ नका.

## टप्पा ८: उजळणी

शब्द विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा भेटला पाहिजे. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली कप्प्यांची पेटी आजही सर्वांत सोपी आहे. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने बघायचा. वाक्य पूर्ण आणि बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं तर थेट पहिल्यात, मग ते चौथ्यातलं का असेना.

‘अंकी’ ॲप हेच काम मोबाईलवर करतं. त्यात एक बदल पहिल्याच दिवशी करा: तिथे रोज २० नवीन कार्डांची मर्यादा आधीच ठरवलेली असते, ती २ वर आणा. वीस नवी कार्डं रोज घेतलीत की महिन्याभरात उजळणीचा ढीग शंभराच्या पुढे जातो, आणि लोक ॲप उघडणंच सोडतात.

उजळणी नेहमी मराठीकडून इंग्रजीकडे आणि मोठ्याने. इंग्रजी बाजू वाचून ‘हो, माहीत आहे’ म्हणणं सोपं असतं, आणि त्यातून शब्द तोंडात येत नाही. बसमध्ये असाल तर ओठ हलवून म्हणा.

तपासा: एखादं कार्ड चार वेळा पहिल्या कप्प्यात परत आलं तर दोष कार्डाचा आहे. वाक्य बदला, छोटं करा, किंवा ते कार्ड काढून टाका.

## टप्पा ९: ठरवून वापरा

कार्ड केल्यापासून दोन दिवसांच्या आत तो शब्द एकदा खऱ्या कामात वापरायचा. मेल, व्हॉट्सॲप, मीटिंग, काहीही. रोज सकाळी तीन शब्द तळहाताएवढ्या चिठ्ठीवर लिहा, खिशात ठेवा, वापरला की खोडा. संध्याकाळी चिठ्ठीवर उरलेले शब्द वापरून स्वतःशी दोन ओळी बोला.

आठवड्यातून एकदा चार-तीन-दोनचा सराव करा. एकच विषय, आधी चार मिनिटं बोला, मग तेच तीन मिनिटांत, मग दोनमध्ये. प्रत्येक वेळी श्रोता बदलला तर उत्तम, नाहीतर मोबाईल पुरतो. तिसऱ्या वेळी जे नवे शब्द आपोआप आले, ते तुमचे झाले.

लिहिलेलं वाक्य तपासायला चॅटबॉटची मदत घेता येते, पण आधी वाक्य तुम्ही लिहा आणि मग ‘यात काय चुकलं ते दाखव, नव्याने लिहू नकोस’ असं स्पष्ट सांगा. त्यानेच लिहिलेलं वाक्य कितीही सुंदर असलं तरी तुमच्या जिभेला त्याचा काही व्यायाम होत नाही.

सावध: नवा शब्द हौसेने जिथे तिथे घालू नका. ‘कमेन्स’ बरोबर आहे म्हणून चहाच्या वेळी ‘लेट अस कमेन्स’ म्हणायचं नसतं. डिक्शनरीत ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘लिटररी’ अशी खूण असते. ती कार्डाच्या कोपऱ्यात लिहा.

## टप्पा १०: सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा

पहिल्या टप्प्यातलं रेकॉर्डिंग जपून ठेवलंय ना? त्याच विषयावर पुन्हा तीन मिनिटं बोला, पुन्हा कागदावर उतरवा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. गोल केलेले शब्द किती कमी झाले, समासातल्या किती मराठी वाक्प्रचारांना आता इंग्रजी मिळालं, हे मोजा. पाठ झालेल्या कार्डांची संख्या मोजण्यात वेळ घालवू नका. बोललेल्या कागदावर आले ते शब्द खरे.

मग पेटी आवरा. पाचव्या कप्प्यातून दोनदा बरोबर आलेली कार्डं बाहेर काढा; पहिल्या सहा आठवड्यांत अशी एकही नसेल, पुढच्या फेऱ्यांत होतील. सहा आठवड्यांत एकदाही वापरायची वेळ आली नाही अशी कार्डंही काढा, अर्थ पाठ असला तरी. रिकाम्या झालेल्या जागेत समासातले उरलेले वाक्प्रचार घ्या.

जुनी रेघवाली वही असेल तर रद्दीत देऊ नका. आठवड्यातून एकदा तिचं एक पान उघडा, त्यातला फक्त एक शब्द निवडा, आणि त्याला चौथ्या टप्प्यापासून पुढे न्या. ती दोनशे पानी वही अजून संपलेली नाही. परवा तिने त्यातून ‘अफोर्ड’ उचलला. जुन्या पानावर शेजारी ‘परवडणे’ एवढंच होतं. नव्या कार्डावर आता आहे: *आणखी एक चूक आपल्याला परवडणारी नाही. वी कान्ट अफोर्ड टू मेक अनदर मिस्टेक.*